मळा मार्केटची अकरा झाडं

उस्मानपुरा, औरंगाबाद
६ फेब्रुवारी १९९७

सूर्यभान, रामराम.

तू मळा मार्केटची चौकीदारी सोडून गावी गेलास, त्याला येत्या पोळ्याला तीन वर्षं होतील. एवढ्या दिवसांत मी तुला साधी चिठ्ठी धाडली नाही. तू रागावला नसशील, तुझा तो स्वभावच नाही. पण लिहायला बसल्यावर माझी मलाच लाज वाटली.

इथलं बरं आहे. कस्तुराबाईचं गुडघ्याचं दुखणं सोडलं तर घरात सगळे खुशाल. मार्केटचं सगळं आता त्रिंबक बघतो. मी सकाळी दोन तास ऑफिसात बसून पेपर वाचतो. कोणी काही विचारलं तर म्हणतो, चिरंजीवांना विचारा. तुझ्या खोलीत येऊन भाकरी मागणारा तो त्रिंबक आता राहिला नाही. इंजिनिअर झालाय, भरभर बोलतो आणि प्रत्येक गोष्ट नकाशावर दाखवतो.

लिहिण्याचं निमित्त असं. मार्केटच्या पुढच्या मोकळ्या जागेची महापालिकेकडून पाहणी व्हायची आहे. झाडं, हिरवळ, कुंपण, गाड्या लावायची जागा, सगळं बघून लिहून घेणार आहेत आणि मग सुनावणी आहे. कोणतं झाड कधी लावलं, कोणी लावलं, ही माहिती त्यांना पाहिजे. माझ्याकडे कसलीच नोंद नाही. त्रिंबकनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात आहे आणि तो चितेगावला असतो.

तर सवडीनं आठवून, झाडागणिक लिहून पाठव. तुझ्या मंडळींना, भागूबाईंना, रामराम सांग.

काकासाहेब

•

वस्ती, चितेगाव
१५ फेब्रुवारी १९९७

काकासाहेब, सूर्यभानचा हात जोडून रामराम.

तुमचं पत्र पोस्टमननं वस्तीवर आणून दिलं. मपल्या नावाचं पत्र म्हणल्यावर भागूबाईनं आधी हात धुतले, मंग घेतलं. दोन डाव वाचून दाखवलं तिला. लई आनंद झाला. राग कामून धरू? तुम्हाला येवढा पसारा हाये.

झाडाचं इचारलं म्हणून सांगतो. एकूण अकरा. त्यातली दहा मी लावली. गेटाजवळची चिंच आपली नाय, ती बांधावरची. तिथं मळा व्हता तवापसून हाये. दुकानाचा पाया खंदताना मिस्तरी म्हणला, पाडा. तुम्ही पाया दीड हात मागं घेतला पर चिंच ठिवली. ध्यानात हाये का?

बाकी सगळी चौऱ्याहत्तर सालची. बहात्तरच्या दुष्काळात आमची मेंढरं संपली. आज्यापसून आमचा कळप तुमच्या मळ्यात बसायचा. जवारी निघाली का तुमच्या वडलांचा निरोप यायचा, आन् पंधरा दिवस आमचा मुक्काम तुमच्या रानात. रानाला खत मिळायचं, आमाला दाणे. तिथंच तुम्ही मला तुमच्या पाटीवर अक्षरं गिरवायला लावली. आता जिथं चष्म्याचं दुकान हाये ना, बरुबर तिथं. आज हे पत्र लिवतोय ते त्याच्यावरच.

तर मेंढरं संपली आन् मी तुमच्याकडं आलो. मळ्यावर बांधकाम चालू व्हतं. ते पाहून मला कसंतरीच झालं, पर मी बोललो नाय. तुम्हालाच कळलं. मंग झाडं लावली.

पाच कडुनिंब. रोपं मी छावणीच्या अंगानं आणली, फडक्यात बांधून. तीन करंज. त्यातलं मधलं बकरीनं दोनदा खाल्लं, भागूबाईनं त्याला आपल्या लुगड्याचा काठ गुंडाळला तवा वाचलं. एक बकुळ, ती कस्तुराबाईंनी माहेरून डब्यात आणली व्हती. आन् एक गुलमोहर. तो त्रिंबकरावानं शाळेतून आणला. तिसरीत व्हते. खड्डा मी खंदला, माती त्यांनी लोटली, आन् रोज येऊन इचारायचे, वाढला का?

पाणी नव्हतं. चहाच्या हाटेलात कपबशा धुतलेलं पाणी भागूबाई बादलीनं न्यायची. दोन उन्हाळे. हाटेलवाला म्हणायचा, बाई, तुमच्या झाडाला चहाची सवय लागंल.

मार्केटला बगीच्याचं बक्षीस मिळणार दिसतंय. मिळालं तर जरूर कळवा.

भागूबाई एक बोलली, तेबी लिवतो, रागावू नका. म्हणली, "तासाभराच्या वाटेवरचा माणूस कागद कामून धाडतो? आन् बोकडाचं वय इचारायला कोण येतं, पाळणारा का कापणारा?" मी तिला गप केलं. बाईमाणूस, काहीबी मनात आणती.

तुमचा सूर्यभान

•

उस्मानपुरा
२८ फेब्रुवारी १९९७

सूर्यभान, रामराम.

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं, मग घरी नेऊन कस्तुराबाईला वाचून दाखवलं. बकुळीचं आलं तेवढं तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, डब्याला भोकं पाडली होती, बसमध्ये सगळी माती लोकांच्या अंगावर सांडत होती.

तू कळपाचं लिहिलंस आणि मला पोलीस ॲक्शनचं साल आठवलं. शहरात काय होईल याचा नेम नव्हता, म्हणून वडिलांनी मला तुमच्या कळपासोबत पैठणच्या अंगाला पाठवलं. आपण दोघं बारा वर्षांचे. सव्वा महिना मी घोंगडीवर झोपलो. तुझी आई मला आधी वाढायची आणि तुला मागून. तू कधी कुरकुर केली नाहीस. एके दिवशी माणसं आली, म्हणाली, निजाम शरण आला, आता घरी जा. आणि मला घरी जायचं नव्हतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

असो. मार्केटचे दिवस पहिल्यासारखे नाहीत. बावीस गाळ्यांपैकी नऊ बंद आहेत. साड्यांचं दुकान जालना रोडवरच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये गेलं. लोक म्हणतात, तुमच्याकडे गाडी लावायला जागा नाही. रस्त्यावर स्कूटर लावली की उचलून नेतात. गिऱ्हाईक एकदा गाडी सोडवून आलं की पुन्हा आपल्याकडे फिरकत नाही.

सोबत एक कागद पाठवतोय. त्रिंबकनं टाईप करून घेतलाय. "चिंच सोडून बाकीची झाडं मी माझ्या हौसेनं लावली. मालकांनी मला तसं सांगितलं नव्हतं. इमारतीच्या नकाशात ती नव्हती." एवढंच आहे. खाली सही करून पोस्टानं परत पाठव. फाईलला लागतो. त्यासाठी इथवर येऊ नकोस, उन्हं वाढलीत.

काकासाहेब

•

वस्ती, चितेगाव
९ मार्च १९९७

काकासाहेब, रामराम.

कागदावर सही करून धाडला हाये. पर त्यातली मधली ओळ मी खोडली, ती तेवढी माफ करा.

"मालकांनी सांगितलं नव्हतं," आसं त्यात हाये. तुम्ही इसरला आसाल. मला नाय इसरता येत. बांधकामाच्या विटावर तुम्ही बसले व्हते, मी खाली. तुम्ही म्हणले, "सूर्यभाना, मळा गेला. मीच घालवला. आता निदान इथं सावली तरी राहू दे. तू लाव, मी कोणाला हात लावू देणार नाय." मंग मी दुसऱ्या दिवशी टिकाव घेतला. खोटं कसं लिवू? बाकीचं खरं हाये, नकाशातलं मला कळत नाय, तुम्ही म्हणता तर आसंल.

गाळे बंद पडले हे वाचून वाईट वाटलं. आपल्या येळंला दिवाळीत पाय ठिवायला जागा नसायची.

ॲक्शनच्या सालाचं तुम्ही लिवलं ते मी भागूबाईला वाचून नाय दाखवलं. मपल्यापाशीच ठिवलं.

सूर्यभान

•

वस्ती, चितेगाव
११ एप्रिल १९९७

काकासाहेब,

महिना झाला, तुमचं उत्तर नाय. आता वाट पाहत नाय.

परवा घाटीच्या सरकारी दवाखान्यात डोळे दाखवायला आलो व्हतो. म्हणलं, मार्केटवरून जावं, झाडं पाहावी, तुम्हाला रामराम करावा. रिक्षातून उतरलो तर चिंचेच्या बुंध्यावर कागद चिकटवलेला. समद्या झाडांवर तांबड्या रंगानं आकडे. एक, दोन, तीन, पार अकरापर्यंत. मला वाटलं, मोजणी झाली. फुलवाली सारजाबाई आजून तिथंच बसती, चिंचेखाली. मला पाहून ती उठली. म्हणली, "सूर्यभान दादा, तुमाला नाय ठावं? समदी जायलीत. हिरवळबी जाणार. फरशी टाकून गाड्या लावणारेत."

मी म्हणलं, "कोण म्हणतं?"

ती म्हणली, "कागदावर लिवलंय की. मालकाचीच अर्जी हाये. मलाबी उठायला सांगितलंय."

मी कागद वाचला. तुमचं नाव व्हतं. ज्याच्याकडून अक्षरं शिकलो त्याचंच नाव वाचलं.

मंग मला समजलं का झाडाचं वय कामून इचारलं, कोणी लावली ते कामून इचारलं. चौकीदारानं आपल्या मर्जीनं लावली म्हणलं का मालक मोकळा. ऑफिसच्या काचेतून तुम्ही दिसत व्हते. पेपर वाचत व्हते. मी आत नाय आलो. बोलायला गेलो आसतो तर काय बोललो आसतो ते मलाच ठावं नव्हतं.

तुम्ही समोर बोलवून म्हणले आसते, सूर्यभाना, माझं भागत नाय, झाडं पाडतो, तर मी रडलो आसतो, पर ऐकलं आसतं. मालक तुम्ही. तुम्ही मला पत्रं लिवली. आईचं लिवलं. त्याच्या खाली कागद ठिवला.

मपली सही केलेला कागद परत धाडा.

सूर्यभान

•

उस्मानपुरा
१६ एप्रिल १९९७

सूर्यभान,

तुझा कागद सोबत आहे. फाईलला लावलेला नाही. तो आला त्या दिवसापासून माझ्या खिशात आहे. तू खोडलेली ओळ मी रोज बघतो. त्रिंबक विचारतो, चौकीदाराचा कागद आला का? मी म्हणतो, पोस्टात अडकला असेल.

मी काही विसरलो नव्हतो. विटांवर बसलो होतो तेही आठवतं आणि काय बोललो तेही. त्रिंबकनं मसुदा दाखवला तेव्हा मी ती ओळ वाचली आणि चालेल म्हणालो. झालं ते असं आहे.

पण तूही माझं थोडं ऐकून घे. तू झाडं लावलीस आणि गावी गेलास. मी इथं आहे. रोज सकाळी नऊ कुलपं बघतो. चष्मेवाला परवा हात जोडून म्हणाला, काकासाहेब, दिवाळीपर्यंत काही झालं नाही तर मीही जातो. त्रिंबकला सरकारी नोकरी मिळत होती, मी त्याला म्हणालो, आपलं मार्केट आहे, नोकरी कशाला? आता तो ज्याच्यावर बसलाय तेच बुडायला लागलंय. त्याचं चुकतं कुठं? त्याला पोरं आहेत. मला हे मार्केट चालायला पाहिजे आणि ती झाडंही पाहिजेत. दोन्हीसाठी भांडायची माझ्यात ताकद उरली नाही, म्हणून जे सोपं होतं ते केलं. तुला फसवणं सोपं होतं. तू विश्वास ठेवतोस.

ॲक्शनच्या सालाचं मी जे लिहिलं, ते कागदावर तुझी सही मिळावी म्हणून लिहिलं नव्हतं. ते खरं होतं. पण ज्या पाकिटात घातलं त्या पाकिटामुळं ते खोटं झालं, हे मला कळतं.

पाहणी आणि सुनावणी एकाच दिवशी आहे. ६ मे, मंगळवार, सकाळी अकरा, मार्केटसमोरच. हरकत द्यायची मुदत ३० एप्रिल. आजपर्यंत एकही हरकत आलेली नाही. लोकांना जागा पाहिजे आहे.

तुला द्यायची असेल तर दे. मी अडवणार नाही.

काकासाहेब

•

वस्ती, चितेगाव
९ मे १९९७

काकासाहेब, रामराम.

मंगळवारी तुम्ही नव्हते. त्रिंबकराव म्हणले, बाबा कामानं जालन्याला गेले. तर जे झालं ते मी लिवतो, कारण तुमच्या घरात जे सांगतील ते येगळं आसंल.

मी हरकत २९ तारखेला महापालिकेत नेऊन दिली. साधा कागद, मपल्या हातानं लिवलेला. तिथल्या कारकुनानं शिक्का मारून दिला. भागूबाई म्हणली, एकला जाऊ नको, म्हणून मंगळवारी तीबी संगं आली.

चिंचेखाली टेबल मांडलं व्हतं. महापालिकेचे साहेब शांत माणूस. चष्मेवाले, झेरॉक्सवाले, समदे उभे. त्रिंबकरावांनी नकाशा पसरला, चांगलं समजावलं. साठ स्कूटरी, आठ मोटारी. ऐकून मलाबी वाटलं, पोरगं हुशार हाये.

मंग साहेबांनी फाईल उघडली. "हरकती दोन आहेत," म्हणले. "एक सूर्यभान यांची. दुसरी..." आन् चष्मा वर करून त्रिंबकरावांकडं पाहिलं. "दुसरी काकासाहेबांची. अर्जावर सही त्यांची आणि हरकतही त्यांचीच. माझ्या नोकरीत असं पहिल्यांदाच बघतोय."

 त्रिंबकरावांचा चेहरा पार उतरला. साहेबांनी वाचून दाखवलं. तुम्ही लिवलं व्हतं, "झाडं लावायला मीच सांगितलं होतं. लावणाऱ्याला मी शब्द दिला होता. अर्ज करताना मी तो लपवला." बस, येवढंच. मपले डोळे तसेबी गेलेत, पर त्या टायमाला साफच दिसंना.

साहेब मला म्हणले, "बाबा, तुमचं काय म्हणणं आहे?"

मी घरून लई ठरवून आलो व्हतो. दुष्काळाचं सांगीन, पाण्याचं सांगीन. पर त्या बंद शटराकडं पाहिलं आन् ते समदं मागं राहिलं. मी म्हणलं, "साहेब, झाडं ठिवा आसं म्हणायला आलो. पर गाड्याबी लागल्या पायजेत. मला मोजून पाहू द्या."

लोकं हसले. त्रिंबकराव म्हणले, "हे नकाशाचं काम आहे, सूर्यभान मामा."

मी म्हणलं, "व्हय. पर दोनशे मेंढरं एका वाघरात, मंजी जाळीच्या कुंपणात, बसवायची कशी ते मला कळतं. सरळ उभी केली का जागा खात्यात. तिरकी, तोंडं एका अंगाला केली का मावत्यात."

साहेब म्हणले, "दाखवा."

मंग झाली गंमत. झेरॉक्सवाल्यानं सुतळी दिली. चष्मेवाल्यानं आपली स्कूटर काढली. सारजाबाईनं फुलाची पाटी बाजूला ठिवली आन् रस्त्यावरच्या गाड्या एकेक आत घ्यायला लोकाला ओरडायली. मी म्हणलं, हिरवळ जाऊ द्या, कुंपण जाऊ द्या, ते आपण मागून घातलेलं. बुंध्याबुंध्याच्या मधी तिरक्या चार-चार गाड्या. चिंचेच्या भवती गोल. मोजल्या तर त्रेपन्न बसल्या. वरून सावली. चष्मेवाला म्हणला, "सीट तापणार नाही, गिऱ्हाईक उलटं जास्त थांबेल."

मोटारीचं मी म्हणलं, मागच्या अंगाला जागा हाये की. बुजवलेल्या इहिरीवर पंधरा वर्षाचा मलबा पडलाय, जनरेटरची मोडकी खोली हाये. ते काढलं तर बाजूच्या बोळातून मोटार जाती. साहेब स्वता चालत गेले, टेप धरला. टेपाचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. त्रिंबकराव घटकाभर उभे राहिले, मंग त्यांनीच धरलं.

साहेबांनी निकाल तिथंच सांगितला, कागद मागून येईल म्हणले. नऊ झाडं राहतील. दोन जातील. बोळाच्या तोंडावरचा एक करंज, आन् गुलमोहर. गुलमोहर आतून पोकळ झालाय, त्यांच्या माणसानं ठोकून दाखवला. मीबी ठोकून पाहिला. खरंच पोकळ हाये.

करंज मधलाच जातोय, लुगड्याच्या काठाचा. भागूबाईनं त्याला हात लावला आन् म्हणली, "तेवीस वर्षं जगला. बकरीच्या तोंडातून वाचला व्हता." 

तुम्ही हरकत दिली ते मला कळवलं का नाय? आन् दिली तर आले का नाय? मी सारखा रस्त्याकडं पाहत व्हतो.

सूर्यभान

•

उस्मानपुरा
२० जून १९९७

सूर्यभान, रामराम.

उत्तराला दीड महिना लागला. या खेपेला लपवायचं काही नव्हतं. घरात थोडं सावरू द्यावं म्हणून थांबलो.

मी जालन्याला गेलो नव्हतो. सकाळी घरातून निघालो, मुकुंदवाडीच्या स्टेशनावर जाऊन बाकावर बसलो. दोन गाड्या गेल्या. एकीतही चढलो नाही. अकरा वाजले, साडेअकरा झाले, तेव्हा वाटलं, आता तिथं तू उभा असशील. हरकत लिहिताना मला भीती वाटली नाही. ती मी मुदतीच्या शेवटच्या दिवशी, खिडकी बंद व्हायच्या आत दिली. भीती वाटली ती तुझ्या तोंडाकडं बघायची. त्रिंबकपेक्षा मला तुझी भीती जास्त होती, आणि तू तर आजवर माझ्यावर आवाजही चढवला नाहीस. तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तो सौदा झाला असता. मी हे केलं, आता तू माफ कर, असा.

त्रिंबक आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. म्हणाला, "चारचौघांत माझी शोभा केलीत. आधी मला सांगता आलं नसतं?" त्याचं बरोबर आहे. मी त्यालाही सांगितलं नव्हतं. दोन माणसांना फसवलं आणि दोघांचंही भलं करतोय असं मला वाटत होतं.

मग एका सकाळी उठून बघतो तर तो मागच्या बाजूला मजूर घेऊन मलबा काढतोय. पंधरा दिवसांत जागा साफ झाली. सात मोटारी बसतात. पुढं त्यानं स्वतः चुन्यानं तिरक्या रेघा आखल्या. तू सांगितलंस तशा, पण प्रत्येक ओळीत एक गाडी त्यानं कमी केली. म्हणतो, बायकांना काढताना त्रास होतो. सारजाबाई चिंचेखालीच आहे, तिला कोणी उठवलं नाही. बंद गाळ्यांपैकी दोन उघडलेत, एक औषधांचं आणि एक ट्रॅव्हलवाल्याचं. बाकीचं बघू. एकदम काही पहिले दिवस येत नाहीत.

झाडं तोडली त्या दिवशी मी तिथं होतो. या वेळी पळालो नाही. करंज लवकर गेला. गुलमोहराला मात्र फुलं होती. आत सगळा भुगा, आणि वर लालभडक. त्रिंबक शेजारी उभा होता. मी म्हणालो, हा तू आणलेला. तो म्हणाला, "माहीत आहे बाबा. सूर्यभान मामांनी मला खड्ड्यात उतरवून माती लोटायला लावली होती." मला वाटत होतं, तो विसरला असेल.

त्या जागेवर तो काहीतरी लावणार म्हणतोय. काय लावू, ते तुला विचारायचंय त्याला. मला म्हणाला, तुम्हीच लिहा. मी म्हणालो, माझ्या पत्रांवर सूर्यभानचा भरवसा राहिला नसेल, तू लिही. पण त्याला मराठीत पत्र लिहायची सवय नाही, म्हणून शेवटी मीच लिहितोय.

आणखी एक. गाड्या बघायला माणूस पाहिजे. तुझी खोली अजून तशीच आहे. तू आणि भागूबाई येऊन राहिलात तर मला बरं वाटेल. हे उपकार म्हणून नाही आणि भरपाई म्हणूनही नाही. मग काय म्हणून, ते मला नीट लिहिता येत नाही.

सूर्यभान, मी चुकलो. ते एवढंच लिहायला एवढं मोठं पत्र लागलं.

काकासाहेब

•

वस्ती, चितेगाव
२५ जून १९९७

काकासाहेब, रामराम.

पत्र पोचलं. या डावाला भागूबाईला पहिल्यापसून शेवटपर्यंत वाचून दाखवलं, काही मागं ठिवलं नाय.

मुकुंदवाडीचं ऐकून ती हसली. म्हणली, "मोठा माणूस, आन् शाळा बुडवल्यावाणी बसला." मला हसू नाय आलं. मला तो बाक दिसला.

त्रिंबकरावांना सांगा, बोळाच्या तोंडावर काही लावू नका, तिथं मोटार वळती. गुलमोहराच्या जागी पहिली जुनी मुळी पूर्ण काढा, भुगा राहिला तर नव्याला कीड लागंल. खड्डा आताच खंदून ठिवा, उन्हं खाऊ द्या. काय लावायचं ते जागा पाहून सांगतो.

नोकरीचं म्हणलं तर, नगं. चौकीदारी वीस वर्षं केली, भरपूर झाली. आता इथं थोरल्या पोराची चार शेरडं हायेत, ती राखतो. रेघा आखल्या आसतील तर गाड्या लोकं आपल्या आपल्या लावतील. नाय लावल्या तर सारजाबाई हायेच वरडायला.

चुकलो म्हणून तुम्ही लिवलं. ते वाचून मी पत्र घडी घालून ठिवलं, मंग परत काढलं. खरं सांगू? राग आजून हाये. तुम्ही झाडं वाचवली, मला ठावं हाये. पर तुमचं पहिलं पत्र आलं तवा मी किती खुशीत व्हतो, ते मला नाय इसरता येत. हा राग कागदावर निघत नाय. कागदावर लिवलं का तो नुसता शहाण्यासारखा दिसतो. तो समोर बसल्याबिगर निघायचा नाय. मी बोलणार, तुम्ही ऐकणार, मधी उठून कुठल्या स्टेशनाला जायचं नाय.

म्हणून येतो. येत्या रविवारी, सकाळच्या बसनं. भागूबाईबी हाये संगं. कस्तुराबाईंना सांगा, लवकर स्वयंपाक करू नका. आमचं बोलणं व्हायला टाईम लागंल.

सूर्यभान